पट्टी कुणाच्या गळ्याची?



भजनी मंडळात बसलेल्या बायकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मला बाई आवाजच नाही." खरं तर आवाज असतो. पेटीवाले भाऊ काळी एकचा सूर धरतात, कारण त्यांचा गळा तिथे बसतो. मग बायका एकतर खाली पुटपुटतात, नाहीतर वर जाऊन किंचाळतात. असं दोन-चार वेळा झालं की बाई मागच्या रांगेत सरकते आणि टाळ हातात घेते. गाणं सुटतं ते कायमचं.

आता मोबाइलवर कराओके आलं आहे. गाण्याची नुसती साथ वाजते आणि गायचं आपण. तिथेही तेच होतं. ट्रॅक लागतो, पहिली ओळ बरी जाते, आणि ध्रुवपदाला गळा अडतो. आज मी जी गाणी घेऊन आले आहे ती आपल्या मुलखातली नाहीत, अमेरिकेच्या डोंगराळ भागातली आहेत. तिकडे त्यांना कंट्री म्हणतात, म्हणजे गावाकडची गाणी. घर, शेत, खाण, देव, नवऱ्याची दारू, सोडून गेलेलं माणूस, हेच त्यांचे विषय. बायकांनी ही गाणी स्वतःच्या गळ्याला कशी बसवून घेतली, हा इतिहास कळला की कोणतं गाणं आपल्याला झेपेल हे ओळखणं सोपं जातं.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. पल्ला म्हणजे आपला आवाज न ताणता किती खाली आणि किती वर जातो ते अंतर. न शिकलेल्या गळ्याला साधारण दीड सप्तक आरामात मिळतं. पट्टी म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरला ते. पल्ला गळ्याचा असतो आणि थोडाफार तोच राहतो. पट्टी गाण्याची असते, ती हवी तशी हलवता येते. पुरुष बहुधा काळी एक-काळी दोनच्या आसपास गातात, बायका पांढरी पाच, काळी चार, काळी पाच इथे. म्हणजे दोघांच्या 'सा'मध्ये जवळजवळ अर्ध्या सप्तकाचा फरक. एवढा फरक असताना एकाच पट्टीत सगळ्यांनी गावं असं म्हणणं म्हणजे एकाच मापाची चप्पल सगळ्या घरानं घालावी असं म्हणण्यासारखं आहे.

आता १९२७ सालात जाऊ. अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. सीमा गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीतर्फे राल्फ पीअर नावाचा गृहस्थ तिथे आला. पूर्वी टोप्यांचं दुकान असलेल्या एका इमारतीत त्याने यंत्रं मांडली आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांनी येऊन गाऊन जावं असं जाहीर केलं. गाणं पसंत पडलं तर एका गाण्याचे पन्नास डॉलर.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तिथे कार्टर कुटुंब आलं. पुअर व्हॅली नावाच्या खोऱ्यातून, मागून आणलेल्या मोटारीत बसून, वाईट रस्त्याने. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि साराची चुलतबहीण मेबेल, जी ए. पी.च्या धाकट्या भावाला दिलेली होती. साराच्या अंगावर तान्हं पोर होतं. त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी बरोबर घेतली होती. मेबेल अठरा वर्षांची, आणि पोटुशी. सप्टेंबरमध्ये तिला मुलगी झाली, म्हणजे ब्रिस्टलला गिटार वाजवली तेव्हा तिला आठवा महिना लागत आला होता. गिटार पोटावर टेकवून कशी धरली असेल, ते तुमच्यापैकी ज्यांनी आठव्या महिन्यात भाताची लावणी केली आहे त्यांना सांगायला नको.

साराचा आवाज बाईचा आवाज म्हणून लोक जो कल्पितात तसा नव्हता. खालचा, भरदार, सरळ. लाडीगोडी नाही, थरथर नाही. पीअरने पुढे सांगितलं की तो आवाज ऐकताक्षणीच आपल्याला कळलं, हे चालणार. पाच-सात वर्षं आधी आली असती तर साराची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. तेव्हा रेकॉर्ड करताना मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गावं लागे. ज्याचा आवाज टणटणीत, त्याचीच रेकॉर्ड चांगली निघे. १९२५ पासून विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि ओसरीवर बसून गावं तसं गाणंही तबकडीवर उतरू लागलं.

त्याहून महत्त्वाचं मेबेलने केलं. ती गिटारच्या तारा बरेचदा उतरवून घेई, नेहमीच्या सुरापेक्षा बऱ्याच खाली. का? तर साराचा गळा खाली होता म्हणून. बोटं नेहमीच्याच जागी ठेवायची, पण अख्खी गिटारच खाली आणायची. साराने वर चढावं असं तिथे कुणी म्हटलं नाही. वाद्य गाणारीकडे आलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि ती घडली दोन बहिणींमध्ये, कुणी न शिकवता.

ए. पी. गाणी गोळा करत गावोगाव हिंडे. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवाला असे. ए. पी. शब्द उतरवून घेई आणि रिडल चाल डोक्यात ठेवी. चाल अशी डोक्यातून येते तेव्हा तिला पट्टी नसते. आपल्या जात्यावरच्या ओवीला कुठे असते? जी दळायला बसली तिच्या गळ्याची ती पट्टी.

यातली एक चाल बघा कशी फिरली. कार्टर मंडळींनी १९२९ मध्ये 'आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज' हे गाणं रेकॉर्ड केलं. दूर गेलेल्या माणसाच्या आठवणीचं गाणं, साराच्या खालच्या आवाजात. १९३६ मध्ये रॉय अकफ या गायकाने त्याच चालीवर एक धार्मिक गीत गायलं. १९५२ मध्ये हँक थॉम्पसनने तीच चाल घेऊन एक तक्रार गायली. घर सोडून दारूच्या गुत्त्याच्या झगमगाटात गेलेल्या बायकोबद्दलची. सगळा दोष बाईचा. ते गाणं भलतंच चाललं. आणि त्याच वर्षी, त्याच चालीत, एका बाईने त्याला उत्तर दिलं.

तिचं नाव किटी वेल्स. बत्तीस वर्षांची, मुलाबाळांची आई, बरीच वर्षं गाऊन फारसं नाव न झालेली. गाणं सोडून घरी बसावं असं तिच्या मनात चाललं होतं. 'इट वॉजन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' हे गाणं तिने गायलं ते मुख्यतः रेकॉर्डिंगचे सव्वाशे डॉलर मिळतील म्हणून. गाणं लिहिलेलं एका पुरुषाचंच, पण म्हणणं असं की लग्न झालेले पुरुष सडेफटिंग असल्यासारखे वागतात आणि नाव मात्र बाईचं खराब होतं. एनबीसी रेडिओने ते गाणं लावायला बंदी केली. तरी ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या बाईचं गाणं त्या यादीत सर्वांत वर जाण्याची ती पहिली वेळ.

साध्या चालीला तेवीस वर्षांत चार गळे मिळाले आणि प्रत्येक गळ्याने ती आपल्या उंचीवर घेतली. तेव्हा अमक्या गाण्याची मूळ पट्टी हीच आणि त्यातच गायलं पाहिजे, असं कुणी सांगितलं तर विचारावं, मूळ म्हणजे कुणाची?

पुरुषांचं एकच उदाहरण देते. मेबेलचा जावई पुढे जॉनी कॅश झाला, खर्जातल्या आवाजासाठी जगभर प्रसिद्ध. त्याचं १९५६ चं 'आय वॉक द लाइन' हे गाणं प्रत्येक कडव्याला पट्टी बदलतं. कडव्याच्या आधी तो नुसता 'हंऽऽ' करतो, तो त्या नव्या पट्टीचा सूर पकडण्यासाठी. एवढा मोठा गायक, तोही आधी सूर गुणगुणून बघतो आणि ते लपवत नाही, रेकॉर्डमध्ये ठेवून देतो. शेवटचं कडवं पहिल्या कडव्यापेक्षा अख्खं सप्तक खाली जातं. ऐकायला अगदी सोपं वाटणारं हे गाणं कराओकेला निवडणाऱ्यांची फजिती तिथेच होते. सुरुवात जमली म्हणजे शेवट जमेल असं नाही.

पॅट्सी क्लाइनच्या गोष्टीला मात्र थोडा वेळ देऊ या. व्हर्जिनियातल्या गरीब घरातली मुलगी, १९३२ चा जन्म. तिला ठसकेबाज, आरोळी देत गायची गाणी आवडत. संथ विरहाची गाणी नको वाटत. तिची गाणी बसवणारा ओवेन ब्रॅडली तिला पुन्हा पुन्हा तिकडेच वळवत राहिला, कारण तिच्या आवाजाचा खालचा भाग किती मखमली आहे ते त्याला ऐकू येत होतं. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याला आवडतं ते गाणं आणि आपल्या गळ्याला शोभतं ते गाणं, ही नेहमी एकच नसतात, आणि हे बऱ्याचदा दुसऱ्या कानाला आधी कळतं.

१९६१ च्या जूनमध्ये पॅट्सीच्या मोटारीला मोठा अपघात झाला. समोरच्या काचेवर आदळून कपाळ फाटलं, हाडं मोडली. ऑगस्टच्या २१ तारखेला ती कुबड्या घेऊन नॅशविलच्या स्टुडिओत आली. गाणं होतं 'क्रेझी', तेव्हा फारसं नाव नसलेल्या विली नेल्सन या तरुणाने लिहिलेलं. नेल्सन तालाच्या मागे रेंगाळत गातो, तशी ढब तिला जमेना, आवडेना. शेवटी तिने ती सोडून आपल्या ढबीने गायचं ठरवलं. पण खरी अडचण वेगळीच होती. वरचे सूर लागेनात. गळा ठीक होता, पण बरगड्या अजून दुखत होत्या. वरच्या सुराला खालून श्वासाचा जोर लागतो आणि तो जोर बरगड्या फाकल्याशिवाय मिळत नाही.

त्या काळी तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची पद्धत होती. या एका गाण्यावर चार तास गेले. मग ब्रॅडलीने साथसंगत पूर्ण करून घेतली आणि पॅट्सीला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी ती परत आली, आधी टेप केलेल्या साथीवर उभी राहिली आणि एकाच दमात गाणं गाऊन मोकळी झाली. आज आपण ऐकतो ते तेच.

म्हणजे बघा, कराओके यंत्र निघायच्या कित्येक वर्षं आधी पॅट्सी क्लाइन वाद्यवृंद समोर नसताना, टेपवरच्या साथीवर गात होती! फरक एवढाच की ती साथ तिच्याच गळ्याच्या मापाने शिवलेली होती. आपल्याला मिळतो तो ट्रॅक कुणा दुसऱ्याच्या मापाचा असतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दुखतंय त्या दिवशी ती ताणून गायली नाही. बाळंतपण, पोटाचं ऑपरेशन, जुना खोकला, यांपैकी काही असेल तर वरचे सूर काही महिने जातात आणि पुन्हा येतात. तेवढ्यावरून गाणं आपलं नाही असं ठरवू नये. पॅट्सीला पुढे आयुष्य फार मिळालं नाही. मार्च १९६३ मध्ये विमान कोसळून ती गेली, तिशीतच.

आता कराओके. हा शब्द जपानी. 'कारा' म्हणजे रिकामं आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्रा या शब्दाचा तुकडा. रिकामा वाद्यवृंद, म्हणजे गाणारा नसलेला. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक होता, रात्रीच्या क्लबांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला तालासुरात गाता येत नसे, पण इनोउए त्याच्या मागे मागे जाऊन त्याचं गाणं सांभाळून घेई. या मालकाने त्याला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीला बरोबर चल म्हटलं. इनोउएला सुट्टी नव्हती, म्हणून त्याने मालकाच्या गाण्याच्या ढंगाला धरून साथ वाजवली आणि टेप करून दिली. मालक खूश! त्यातून १९७१ मध्ये त्याने 'ज्यूक एट' नावाचं यंत्र करवून घेतलं आणि अशी अकरा यंत्रं बारमध्ये भाड्याने ठेवली. नाणं टाका, माइक धरा, गा. त्याने पेटंट घेतलं नाही आणि मोठी कमाई पुढे इतरांनी केली. ते एक असो. मला त्यातलं हे आवडतं की या यंत्राच्या मुळाशी असलेली ती पहिली टेप एका कच्च्या गाणाऱ्याच्या मापाने बनवलेली होती. गाणाऱ्याने साथीला शरण जावं, हा बेतच नव्हता.

पुढच्या यंत्रांत पट्टी बदलायचं बटण आलं. मोबाइलच्या बऱ्याच ॲपमध्येही ते असतं, अधिक आणि उणे अशा खुणांचं, बहुधा 'की' या नावाखाली. एकदा दाबलं की गाणं पेटीवरच्या लगतच्या पट्टीवर सरकतं, काळी असो की पांढरी. पुरुषाने गायलेल्या गाण्याचा ट्रॅक असेल तर चार-पाच वेळा उणे दाबून बघा, आणि मग तुम्ही त्याच्यापेक्षा वरच्या अंगाने गा. पुरुष-बाईच्या 'सा'तला फरक मघाशी सांगितला, तो असा भरून निघतो. त्याहून जास्त सरकवलं तर वाद्यांचा आवाज रबर ताणल्यासारखा होतो. मग दुसऱ्या गायिकेचा ट्रॅक शोधलेला बरा.

ट्रॅक कुणाचा, हे बघण्याचं महत्त्व डॉली पार्टनच्या एका गाण्यावरून कळतं. डॉली टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांतली चौथी. ज्याच्या कार्यक्रमात तिने नाव कमावलं त्या पोर्टर वॅगनरपासून वेगळं होताना तिने १९७३ मध्ये 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लिहिलं. तिच्या गाण्यात आवाज फार चढत नाही आणि एक कडवं तर ती गातच नाही, नुसतं बोलते. एल्व्हिस प्रेस्लीला हे गाणं हवं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. तिने नाही म्हटलं, रडली, पण नाहीच म्हटलं. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने एका चित्रपटात गायलं. सुरुवात साथीशिवाय, हळू. मग शेवटाकडे क्षणभर शांतता, ढोलाचा एक ठोका, आणि अख्खं गाणं एकदम वरच्या पट्टीवर उडी घेतं. व्हिटनीचा गळा त्यासाठीच घडलेला होता. कराओकेला लोक बहुतेक तिचाच ट्रॅक लावतात आणि त्या ठोक्यानंतर माना खाली घालतात. गाणं एकच, पण डॉलीचा ट्रॅक घेतला असता तर निभावलं असतं.

म्हणून गाणं निवडताना पहिली ओळ गाऊन बघू नका. आधी पूर्ण ऐका आणि सगळ्यात वरची ओळ कोणती ते शोधा. ती बहुधा ध्रुवपदात किंवा शेवटी असते. ती एकदा नाही, लागोपाठ तीनदा गाऊन बघा. हनुवटी वर जात असेल, मानेच्या शिरा दिसत असतील, तर दोन पट्ट्या खाली. मग सगळ्यात खालची ओळ घ्या. कंट्री गाण्यात गोष्ट सांगायची असते आणि ती कडव्यात, खालच्या सुरात सांगितली जाते. तिथे शब्द ऐकू येण्याऐवजी नुसती हवा येत असेल तर गाणं फार खाली गेलं. दोन्ही टोकं जमली की मधलं आपोआप जमतं. कोणत्याच पट्टीत दोन्ही टोकं जमत नसतील, तर त्या गाण्याचा पल्ला आपल्यापेक्षा मोठा आहे. ते ऐकावं, गायला दुसरं घ्यावं.

आणि हे दर काही वर्षांनी पुन्हा तपासावं लागतं. पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांचा आवाज खाली उतरतो. विशीतलं गाणं पन्नाशीत त्याच पट्टीत लागत नाही, त्यात बिघडलं काहीच नसतं. १९६६ मध्ये सारा आणि मेबेल बऱ्याच वर्षांनी पुन्हा एकत्र रेकॉर्डिंगला बसल्या. सारा सत्तरीकडे झुकलेली, आवाज ब्रिस्टलपेक्षाही खाली गेलेला. ती त्याच आवाजात गायली आणि शेजारी मेबेल होती.